पाकोळीची काटकसर

काटकसरीचा धडा घ्यावयाचा झाला म्हणजे आपण मुंगीकडे किंवा मधमाशीकडे बोट दाखवितो. एक दाणा साठविते, दुसरी मध साठविते. दोघींची कोठारे डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची कीर्तीही मोठी. परंतु आपल्या शिवारावर दररोज दिवेलागणीस फेऱ्या घालणारा एक जीव ह्या दोघींइतकाच काटेकोर हिशेबी आहे, आणि त्याच्या हिशेबाकडे शेतकरी वर्गाचे लक्ष फारसे गेलेले नाही. तो जीव म्हणजे पाकोळी, अर्थात लहान वटवाघूळ. तिला कोठार बांधता येत नाही, पेव खणता येत नाही. आपली सारी शिल्लक ती अंगावरच वागविते, आणि ती शिल्लक पुरावी म्हणून जरूर पडेल तेव्हा जगण्याचा खर्चच कमी करून टाकते. हे ती कसे साधते, आणि तिच्या ह्या व्यवस्थेत ढवळाढवळ झाली असता शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

पाकोळी म्हणजे कोण?

प्रथम नावाचा घोटाळा दूर करणे इष्ट होय. वड, पिंपळ किंवा चिंच ह्यांसारख्या मोठ्या झाडांस दिवसभर उलटी लटकणारी आणि रात्री आंबा-पेरूवर धाड घालणारी मोठी वटवाघळे ही फळे खाणारी होत. त्यांचे वजन किलोपर्यंत, कधी त्याहूनही अधिक भरते आणि पंखांचा पसारा चार फुटांच्या घरात जातो. बागाईतदारांची त्यांच्याविषयी जी तक्रार आहे ती आम्हांस ठाऊक आहे. परंतु ती ह्या लेखाचा विषय नव्हे. पाकोळी हे नाव कित्येक गावी भिंगरीसारख्या पक्ष्यासही देतात. येथे आम्ही ते लहान, किडे खाणाऱ्या वटवाघळापुरते योजिले आहे.

ही पाकोळी पक्षी नव्हे. ती गाय-म्हशीप्रमाणे पिल्लास जन्म देते व अंगावर पाजते. जगात वटवाघळांच्या चौदाशेंहून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक अशा लहान व कीटकभक्षकच आहेत. कौलांच्या फटी, जुन्या विहिरींच्या कपारी, पडक्या वाड्यांचे माळे, देवळांची शिखरे, झाडांच्या ढोल्या ही त्यांची वसतिस्थाने. आपल्याकडील सर्वांत लहान पाकोळ्यांचे वजन अवघे दोन ते चार ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने अदमासे दोन ते चार मासे असते. सोनाराच्या तराजूत तोलावी एवढीच ही वस्तू. पण तिचा संसार चालविणे सोपे नाही.

लहान अंगाचा मोठा खर्च

उष्ण रक्ताच्या प्राण्यास आपले अंग सतत ऊबदार ठेवावे लागते, आणि ही ऊब अन्न जाळूनच मिळते. आता चुलीवरून एक हंडाभर आणि एक वाटीभर कढत पाणी उतरवून शेजारी शेजारी ठेवावे. वाटीतील पाणी पाहता पाहता निवते. हंड्यातील पाणी बराच वेळ ऊन राहते. कारण उघड आहे. वस्तू जितकी लहान तितका तिच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग अधिक, आणि उष्णता जाते ती पृष्ठभागावाटे. बैल हा हंडा आहे, पाकोळी ही वाटी आहे. त्यातही पाकोळीचे पंख म्हणजे केस नसलेल्या पातळ कातडीचे पडदे. त्यांमुळे उष्णता निसटण्यास आणखी वाट मिळते.

दुसरा खर्च उडण्याचा. हवेत कीटकाचा पाठलाग करीत असता लहान वटवाघळाचे हृदय मिनिटास हजार ठोक्यांच्या घरात धावते. एवढी भट्टी पेटती ठेवावयाची तर इंधनही तसेच हवे. म्हणून लहान वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याइतके किडे खाऊ शकते. पिल्लास पाजणारी मादी तर त्याहूनही पुष्कळ अधिक खाते. ह्याच मानाने चारशे किलो वजनाच्या बैलास वैरण घालावयाची म्हटल्यास दररोज दोनशे किलो लागेल. असा बैल कोणता शेतकरी पोसू शकेल?

आणि ही वैरणही बाराही महिने सारखी मिळत नाही. किडे उडतात ते उबेच्या व शांत हवेच्या रात्री. कडाक्याची थंडी पडली, झड लागली किंवा वादळी वारा सुटला की हवेतील शिकार संपते. थंड देशांत तर वर्षातून पाच-सहा महिने उडता किडा म्हणून दिसत नाही. बरे, अंगावर भरपूर चरबी चढवून ठेवावी तर उडणे कठीण होते. उत्पन्न बेभरवशाचे, खर्च भारी, आणि साठवणुकीस जागा थोडी, अशी ही अडचण आहे. अशा अडचणीत सापडलेल्या शेतकऱ्यास वडीलधारे एकच उपाय सांगतात, तो म्हणजे खर्च कमी करण्याचा. पाकोळीनेही तोच उपाय योजिला आहे.

राखेखालचा विस्तव

काडेपेटी दुर्मिळ होती त्या काळी घरची बाई रात्री चुलीतील निखारा राखेखाली झाकून ठेवी. तो जळत नसे आणि विझतही नसे. पहाटे राख सारून फुंकर घातली की पुन्हा ज्वाळा निघे. पाकोळी आपल्या देहाचे नेमके हेच करिते. ह्या अवस्थेस शास्त्रज्ञ 'टॉर्पर' म्हणतात. आम्ही तीस सुप्तावस्था म्हणू. ती काही तासांची असते, तशीच काही दिवसांचीही असू शकते. हिवाळाभर अशा अनेक सुप्तावस्था एकामागून एक आल्या म्हणजे त्या साऱ्या काळास शीतनिद्रा हे नाव मिळते.

सुप्तावस्थेत पाकोळी आपल्या अंगची भट्टी मंद करिते, आणि ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असलेली शरीराची उष्णता उतरत उतरत भोवतालच्या हवेच्या जवळपास येऊन ठेपते. थंड गुहेत ती ५-६ अंशांपर्यंतही खाली जाते. हृदयाचे ठोके मिनिटास दहा-वीसांवर येतात. श्वासोच्छ्वास इतका विरळ होतो की दोन श्वसनांच्या मध्ये पाऊण तासापर्यंतही खंड पडतो. खोल शीतनिद्रेत शरीराचा खर्च, जागेपणी नुसते स्वस्थ बसण्यास जो लागतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत उतरतो. असा प्राणी हाताला गार लागतो, हालत नाही. पाहणारा त्यास मेलेला समजतो.

परंतु हे मरणही नव्हे आणि आपली नेहमीची झोपही नव्हे. मार्शल हॉल ह्या इंग्रज वैद्याने इ. स. १८३२ मध्ये शीतनिद्रेवरील आपला निबंध प्रसिद्ध केला, त्यात वटवाघळावरील प्रयोगही होते. पुढे १९५१ मध्ये रेमंड हॉक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वटवाघळांच्या प्राणवायूच्या खपाची मोजणी प्रसिद्ध केली. तीत असे दिसून आले की हवा थंड होत जाईल तसतसा खर्च कमी होत जातो, पण सुमारे २ अंशांपाशी तो किमान मर्यादेस पोहोचतो. हवा त्याहून थंड झाली तर झोपलेले वटवाघूळ न उठताच आपली आच थोडी वाढविते व गोठण्यापासून स्वतःस वाचविते. म्हणजे राखेखालच्या विस्तवावर देखरेख करणारा कोणी तरी आत जागा असतोच.

जागे होण्याची तजवीजही शरीरातच आहे. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तपकिरी रंगाची एक विशेष चरबी असते. साधी पांढरी चरबी म्हणजे साठा. ही तपकिरी चरबी म्हणजे शेगडी. ती पेटली की अन्य काही काम न करिता सरळ उष्णताच निर्माण करिते. त्या उष्णतेने छाती व मेंदू प्रथम तापतात, मग स्नायू थरथरू लागतात, आणि साधारण अर्ध्या ते एका तासात गार पडलेला जीव उडण्याजोगा होतो. मात्र ह्या शेगडीस इंधन फार लागते, आणि पाकोळीच्या साऱ्या आयुष्याची मेख येथेच आहे.

एका हिवाळ्याचा जमाखर्च

ही मेख ध्यानात येण्यासाठी ज्या जातीचा हिशेब शास्त्रज्ञांनी सर्वांत बारकाईने तपासला आहे ती घेऊ. उत्तर अमेरिकेत लहान तपकिरी वटवाघूळ म्हणून एक जात आहे. वजन सात ते दहा ग्रॅम. उन्हाळ्यात ती शेतांवर, तळ्यांवर किडे खाते. शरद ऋतूत अंगावर अदमासे दोन ग्रॅम चरबी चढविते. आणि मग ओलसर, थंड गुहांत किंवा ओसाड खाणींत शिरून वसंतापर्यंत राहते. तेवढ्या काळात खाणे जवळजवळ बंदच.

कॅनडातील डोनाल्ड थॉमस व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९० मध्ये ह्या प्राण्याच्या हिवाळ्याचा ताळेबंद प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हे वटवाघूळ एकदा जागे होऊन पुन्हा झोपी जाईपर्यंत सुमारे १०८ मिलिग्रॅम चरबी जळते. आमच्या जुन्या मापात सांगावयाचे तर गुंजेला थोडी कमी. आणि तेवढ्याच चरबीवर ते सुप्तावस्थेत ६७ दिवस काढू शकते. एक जागरण म्हणजे दोन महिन्यांची झोप!

आता ढोबळ मानाने हिशेब मांडू. हिवाळा १९० दिवसांचा धरला तर नुसत्या झोपेस सुमारे तीन गुंजा चरबी लागेल. ही वटवाघळे साधारण दर पंधरवड्यास एकदा जागी होतात. म्हणजे जागरणे तेरा, आणि त्यांचा खर्च बारा गुंजांच्या जवळपास. एकंदर पंधरा गुंजा. गाठीस असलेली दोन ग्रॅम चरबी म्हणजे सोळा गुंजा. शिल्लक उरली एक गुंज! झोपेचा खर्च नाममात्र, आणि सारे घर खाते ते जागरण, हे ह्या आकड्यांवरून वाचकांच्या लक्षात येईल.

मग मुळात जागे व्हावेच का, असा प्रश्न साहजिक आहे. शीतनिद्रेत असताना पंखांच्या उघड्या कातडीवाटे अंगातील पाणी हळूहळू उडून जाते. ते भरून काढण्यास पाणी प्यावे लागते. म्हणूनच ही वटवाघळे दमट गुहा निवडतात, आणि कित्येक वेळा त्यांच्या लोकरीवर दवाचे थेंब मोत्यांसारखे जमलेले दिसतात. शरीरात साचलेली घाण बाहेर टाकणे हेही एक कारण समजले जाते. तेव्हा पंधरवड्याचे हे जागरण म्हणजे उधळपट्टी नसून अत्यावश्यक खर्च आहे; पण त्यापलीकडे एकही जागरण ह्या जमाखर्चास सोसवत नाही.

कुटुंबाचा हिशेब वेगळा

काटकसर ही सर्वांस सर्व काळी सारखी फायद्याची नसते, हेही पाकोळी जाणून असते. गाभण मादी सुप्तावस्थेत गेली की तिच्या पोटातील गर्भाची वाढही मंदावते. पाजणारी मादी गेली तर दूध आटते. म्हणून विणीच्या दिवसांत माद्या शेकड्यांनी एकत्र येऊन ऊबदार जागी, परस्परांच्या अंगास अंग लावून राहतात. एकेकीचा उघडा पृष्ठभाग त्यामुळे कमी होतो आणि एकीची ऊब दुसरीच्या कामी येते. नर मात्र त्याच दिवसांत एकेकटे, थंड जागी, खुशाल गुंगीत पडून खर्च वाचवितात. हवा बिघडली आणि अन्न तुटले तर माद्यांसही नाइलाजाने सुप्तावस्था पत्करावी लागते. मग गर्भकाळ लांबतो. गाईचे दिवस भरण्याचा हिशेब आपण पंचांगावरून सांगतो, पण ह्या प्राण्याचा सांगता येत नाही, तो हवेवर अवलंबून असतो.

थंड देशांतील कित्येक जातींत आणखी एक व्यवस्था आढळते. समागम शरद ऋतूत होतो. मादी नराचे बीज हिवाळाभर पोटात जिवंत जपून ठेवते, आणि वसंतात जाग आल्यावर गर्भधारणा होते. पेरणीचे बी जपून ठेवून वाफसा येताच पेरावे, असेच म्हणाना. त्यामुळे पिल्लू जन्मते ते किड्यांच्या ऐन सुगीत.

ह्या मंद आयुष्याचा आणखी एक लाभ असा की, हे प्राणी आपल्या आकाराच्या मानाने अतिशय दीर्घायुषी असतात. घरातील उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो. पण सायबेरियात खूण करून सोडलेले ब्रँट जातीचे एक वटवाघूळ ४१ वर्षांनंतर, २००५ मध्ये, पुन्हा जिवंत सापडले. त्याचे वजन अवघे सात ग्रॅमच्या आसपास! ह्या दीर्घायुष्याचे एक कारण शीतनिद्रा असावी असे शास्त्रज्ञ मानितात.

उष्ण देशांतील रीत

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की, ही सारी बर्फाच्या मुलखातील कथा आहे. आमच्याकडे तिचे काय? पूर्वी शास्त्रज्ञांसही असेच वाटे. गेल्या काही दशकांतील शोधांनी ही समजूत बदलली आहे.

ऑस्ट्रेलियात लांब कानांच्या एका लहान वटवाघळाच्या पाठीवर इवलेसे उष्णतामापक यंत्र चिकटवून भर उन्हाळ्यात पाहणी करण्यात आली. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे वटवाघूळ पहाटे शिकारीहून परत आल्यावर झाडाच्या सालीखाली शिरून सुप्तावस्थेत जाते. दुपारी ऊन तापले की साल तापते आणि वटवाघूळही फुकटात तापते. ऊन उतरल्यावर कित्येकदा ते पुन्हा गार पडते आणि सांजवेळी स्वतःच्या खर्चाने उठते. म्हणजे एका दिवसात दोन वेळा खर्चाची बचत, आणि एका वेळी सूर्याकडून मोफत इंधन. पाकोळ्यांस उन्हाने तापणाऱ्या फटी का आवडाव्यात, ह्याचा उलगडा ह्यावरून होतो.

आपल्यास अधिक जवळचे उदाहरण उंदरासारख्या लांब शेपटीच्या वटवाघळाचे आहे. हे कुळ इस्राएलपासून हिंदुस्थानापर्यंतच्या कोरड्या मुलखात आढळते. महाराष्ट्रातही ह्या कुळातील जात आहे. अन्नाची सुगी असता ते पोटाच्या व शेपटीच्या मुळाशी चरबीचा जाड थर साठविते. इस्राएलमधील ह्या कुळातील दोन जाती हिवाळ्याचे महिने भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या, सुमारे २० अंशांच्या गुहांत शीतनिद्रेत काढतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. शीतनिद्रेस बर्फ लागतेच असे नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

मादागास्कर बेटातील शोध तर ह्याहून नवलाचा. तेथील एका वटवाघळाची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. कडक उन्हात झाडावर लटकलेले हे वटवाघूळ अंगाची उष्णता ४२ अंशांपर्यंत चढू देते आणि त्याच वेळी आपली भट्टी मंद करिते. बाहेरचे ऊन तापवीत असताना आतून आणखी तापणे म्हणजे पाण्याचा नाश. म्हणून ते आतील आच कमी करून पाणी राखते. सुप्तावस्था ही केवळ थंडीवरचा उपाय नसून उन्हाळ्यावरचाही आहे, हे ज्यांना चैत्र-वैशाखातील पाण्याची ओढ ठाऊक आहे अशा आमच्या वाचकांस सहज पटेल.

झोपमोडीचे मोल

वर मांडलेला ताळेबंद बिघडला तर काय होते, ह्याचे दुःखद प्रत्यंतर अमेरिकेत आले. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी शहराजवळच्या हाऊ गुहेत झोपलेल्या वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसून आली. ही बुरशी थंडीतच वाढणारी असल्याने जागत्या, ऊबदार वटवाघळास ती विशेष काही करू शकत नाही. पण शीतनिद्रेत गार पडलेले शरीर म्हणजे तिला आयते शेत. ती पंखांच्या कातडीत शिरते, पाण्याचा तोल बिघडविते, आणि झोपलेला जीव पुन्हा पुन्हा जागा होऊ लागतो. रोगट वटवाघळे निरोग्यांपेक्षा वारंवार उठतात व जितकी अधिक उठतात तितकी लवकर मरतात, हे २०१२ मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले.

आमच्या वरील हिशेबात तेरा जागरणांच्या जागी सव्वीस घालून पाहावे. सोळा गुंजांची शिल्लक हिवाळा सरण्याच्या बरीच आधी संपते. बाहेर बर्फ, किडा नाही. भुकेले वटवाघूळ भर दिवसा गुहेबाहेर पडते आणि मरते. २०१२ पर्यंत अशी पन्नास लाखांहून अधिक वटवाघळे मेल्याचा सरकारी अंदाज निघाला. लहान तपकिरी वटवाघळासह तीन जातींची संख्या रोग पसरलेल्या भागांत शेकडा नव्वदांहून अधिक घटली. ह्या वटवाघळाची मादी वर्षाकाठी एकच पिल्लू देत असल्याने ही तूट भरून येण्यास पिढ्यान् पिढ्या लागतील.

शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

ही हानी वटवाघळांची असे समजून शेतकरी स्वस्थ बसता तर त्यास फार काळ बसता आले नसते. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक ह्यांनी रोग पोहोचलेले जिल्हे व न पोहोचलेले जिल्हे ह्यांची तुलना करून २०२४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वटवाघळे मेलेल्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर शेकडा ३१ नी वाढविला, असे त्यात दिसून आले. फुकट काम करणारा गडी गेला आणि त्याच्या जागी विकतचे विष आले. इतकेच नव्हे, तर त्याच जिल्ह्यांत अपघातादी कारणे वगळता होणारे अर्भकांचे मृत्यूही शेकडा ८ च्या जवळपास वाढल्याचे त्यांनी दाखविले. हा आकडा वाचून कोणाही गृहस्थाने क्षणभर थांबावे असा आहे.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण स्पेन देशातील एब्रो नदीच्या मुखाजवळील भातशेतीचे. तेथे खाचरांच्या कडेने लाकडी पेट्या उभारून पाकोळ्यांस वसती करून दिली असता भाताच्या खोडकिड्याचा उपद्रव कमी राहिल्याचे आढळले. अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात कपाशीवरील बोंडअळीचे पतंग वटवाघळे खातात. ती अळी आपल्याकडील हरभऱ्यावरच्या घाटे अळीची जवळची बहीण होय. केवळ आठ तालुक्यांएवढ्या प्रदेशातील कपाशीस ह्या सेवेची किंमत सालाचे सुमारे सात लाख चाळीस हजार डॉलर होते, असा अंदाज २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

विषाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डी.डी.टी.सारखी टिकाऊ विषे किड्यांबरोबर वटवाघळाच्या पोटात जातात व चरबीत साठून राहतात. साठ्यात असेपर्यंत ती निमूट असतात. परंतु उपासाच्या वा लांब प्रवासाच्या दिवसांत चरबी वितळू लागली की तेच विष रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. ज्या शिदोरीवर जगावयाचे तीच विषारी झाली, असा हा प्रकार आहे.

आपण काय करावे?

पाकोळीसाठी शेतकऱ्याने पैसा खर्च करावा असे आमचे म्हणणे नाही. तिची मागणी फार थोडी आहे. दिवसा तिची झोपमोड होऊ नये, एवढेच प्रामुख्याने पाहिजे. म्हणून पुढील सूचना करीत आहो.

१. गुहा, जुन्या विहिरी, पडके वाडे, देवळांचे माळे ह्यांत पाकोळ्या असल्यास तेथे धूर करू नये, फटाके वाजवू नयेत, मशाली घेऊन मुलांस जाऊ देऊ नये. आपल्यास ती घटकाभराची मौज. पाकोळीस तो अनेक दिवसांच्या शिदोरीचा नाश.

२. घर शाकारताना किंवा भिंतीची फट बुजविताना दिवसा ती एकदम बंद करू नये. आत झोपलेले जीव कोंडून मरतात. आत पिल्ले नाहीत अशी खात्री करून, रात्री सर्व पाकोळ्या बाहेर पडल्यावर फट बुजवावी.

३. बांधावरचे ढोलीचे जुने झाड इमारती लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी दिसले तरी शक्य तोवर राखावे. जुन्या सालीखालची व ढोलीतील जागा नव्या रोपास यावयास पन्नास वर्षे लागतात.

४. कीटकनाशक गरजेपुरतेच, किडीची पाहणी करून मगच वापरावे. सरसकट फवारणीने किडीबरोबर किडीचा शत्रूही जातो.

५. शेततळ्याचे किंवा हौदाचे पाणी उन्हाळ्यात काही भाग तरी उघडे असावे. पाकोळ्या उडता उडता पाणी पितात.

६. वटवाघळांची लेंडी नत्रयुक्त उत्तम खत आहे. ती गोळा करावयाची तर पाकोळ्या बाहेर गेल्यावर, नाकातोंडावर फडके बांधून करावी.

७. थंडीच्या सकाळी जमिनीवर गार पडलेली पाकोळी आढळल्यास ती मेलीच असे समजू नये. ती सुप्तावस्थेत असू शकेल. मात्र उघड्या हाताने तिला कदापि स्पर्श करू नये. जाड फडक्याने किंवा काठीने उचलून उंच, आडोशाच्या जागी ठेवावी. चावा झाल्यास जखम साबण-पाण्याने खूप वेळ धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. महाबळेश्वर येथील गुहेत २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह रोगाच्या विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेस आढळल्या होत्या. ह्याचा अर्थ वटवाघळांचा संहार करावा असा नव्हे. त्यांच्या वस्तीत आपण शिरू नये, असा आहे. त्यांचे हित व आपले हित येथे एकच आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण मुलांस शिकवितो. पाकोळीने ती आपल्या रक्तात उतरविली आहे. अन्न नसेल तेव्हा ती पाय पसरीतच नाही. तिच्या अंथरुणाची एखादी गुंज जरी आपल्या हातून वाया गेली नाही, तरी रात्री शिवारावर राखण करणारा हा बिनपगारी गडी टिकून राहील. यंदा घराची किंवा विहिरीची दुरुस्ती काढणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंनी काम सुरू करण्यापूर्वी एक संध्याकाळ तेथे उभे राहून कोण बाहेर पडते ते पाहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितो.